एका भिंतीचे तीन मालक

नोकरीत खून, दरोडे, फसवणुका सगळे पाहून झाले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहे. कोणता चोर कोणत्या ठाण्याच्या हद्दीतला, असे विचाराल तर मी हमखास चुकेन. पण कल्याणच्या पुढच्या एका बागेची भिंत मात्र अजून विटेविटेनिशी डोळ्यांसमोर येते. या प्रकरणात रक्त नाही, शस्त्र नाही, पळापळ नाही. आरोपी दोन तासांत मिळाला आणि त्याने गुन्हा लगेच कबूलही केला. तरीही इतका गोंधळ माझा कधी उडाला नव्हता, आणि त्यातून मी आजही पुरता बाहेर आलो आहे असे म्हणवत नाही. नावे कोणाचीच देत नाही. त्यातली काही माणसे अजून नोकरीत आहेत, आणि मला पेन्शन हवी आहे.

तेव्हा मी मोहने-टिटवाळा पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एका जुन्या गावाला खेटून मोठे गृहसंकुल उभे राहिले होते. गावातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. आधी भातशेती करायची, मग जमिनी विकल्या. संकुलात नोकरदार मंडळी राहायला आली. सकाळी सातच्या सुमारास ठाण्यात फोन वाजला. "पाचव्या मजल्यावरून बोलतोय. आमच्या गार्डनची भिंत कुणीतरी फोडली आहे. जरा बघून घ्या," एवढे बोलून पलीकडच्या माणसाने फोन ठेवला. नाव न सांगता तक्रार करणारा बहुधा खरे बोलतो, असा माझा अनुभव आहे. नाव, पत्ता, हुद्दा सांगून सुरुवात करणाऱ्याला पुष्कळदा भलतेच काही साधायचे असते.

मी हवालदारांना बरोबर घेतले. हे हवालदार डोंबिवलीचे, वयाने माझ्याहून मोठे, बोलायला कंजूष. संकुल आणि गाव यांच्या मध्ये एक चौकोनी मोकळी जागा होती आणि तिला चारही बाजूंनी पुरुषभर उंचीची विटांची भिंत. संकुलाच्या रस्त्याकडे एक आणि गावाच्या बाजूला एक, अशी समोरासमोर दोन भगदाडे पाडलेली होती. आत बाग म्हणावे असे काही नव्हते. गुडघाभर गवत आणि दोन सुबाभळी.

भगदाडांच्या कडा ओळंबा लावावा तशा सरळ होत्या. निघालेल्या विटा सिमेंट खरवडून बाजूला थरावर थर रचून ठेवल्या होत्या, अख्ख्या वेगळ्या आणि तुटक्या वेगळ्या.

"हा चोर नाही साहेब," हवालदार म्हणाले. "चोर विटा घेऊन जातो. आणि रागाने फोडणारा रचत बसत नाही."

"मग कोण?"

"ते कळलं असतं तर मी हवालदार राहिलो असतो का?"

ठाण्यात परतलो तर सकाळची हजेरी व्हायच्या आत तीन फिर्यादी दारात उभे. एवढ्या वर्षांत मी बेवारस प्रेतांचे वारस शोधत फिरलो, पण एका भिंतीसाठी तीन-तीन मालक चालत आलेले पहिल्यांदाच पाहिले. पहिला बिल्डरचा साइट सुपरवायझर. दुसरे महापालिकेचे उपअभियंता, लेटरहेडवर टाइप केलेली फिर्याद घेऊन. तिसरे संकुलाच्या सोसायटीचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले, हातात रंगीत माहितीपुस्तिका.

"साहेब, भिंत आमची आहे ना," सुपरवायझर म्हणाला. "अजून वजावटीचं लेटर नाय मिळालेलं. ते मिळेपर्यंत सगळा लफडा आमच्या गळ्यात."

"भिंत महापालिकेची आहे," अभियंता म्हणाले. "ताबा पावती झालेली आहे. सार्वजनिक मालमत्ता. त्याच कलमाखाली गुन्हा घ्या."

अध्यक्षांनी पुस्तिकेचे चौथे पान उघडून माझ्यासमोर ठेवले. "इन्स्पेक्टरसाहेब, हे पाहा. कारंजे दाखवले आहे. आम्ही फ्लॅट घेतले ते ही बाग धरून. तेव्हा मालकी कोणाची, हे मी वेगळे सांगायला नको."

मी तिघांना चहा सांगितला आणि अभियंत्यांना म्हटले, मला लहान मुलाला सांगता तसे सांगा. त्यांनी सांगितले. नवीन इमारती उठल्या की रस्ते, पाणी, गटारे, बागा या सगळ्यांवर ताण येतो. त्याचा भार बिल्डरने उचलायचा. जुन्या नियमात तो विकास शुल्क भरायचा, शिवाय भूखंडाचा एक तुकडा भिंत घालून महापालिकेच्या हवाली करायचा. पुढे महापालिकेनेच तिथे बाग करायची. मग नियम बदलले. आता बिल्डरने स्वतःच काही कामे बांधून द्यायची आणि तेवढे शुल्कातून वजा करून घ्यायचे. ज्यांची कामे अर्धवट होती त्यांनी जुना किंवा नवा, कोणताही एक नियम निवडायचा. त्यावर एक खुलासा आला. खुलाशाने घोळ वाढला म्हणून दुसरा खुलासा आला.

"मग यांनी कोणता नियम निवडला?" मी विचारले.

"नवा. तसं पत्र दिलंय," सुपरवायझर म्हणाला.

"पत्र आलंय, पण आम्ही उत्तर दिलेलं नाही. म्हणजे जुनाच चालू," अभियंता म्हणाले.

"उत्तर दिलं नाही म्हणजे मान्य, असं खुलाशात लिहिलंय."

"पहिल्या खुलाशात. दुसऱ्यात नाही."

माझे डोके गरगरायला लागले. खून कोणी केला हे शोधणे सोपे. प्रेत कोणाचे यावर निदान दोन सरकारी खुलासे निघत नाहीत.

पण मालकाला महत्त्व होते, आणि ते वाचकांनीही लक्षात ठेवावे. भिंत खाजगी असेल तर गुन्हा जामीनपात्र; जबाब घ्यायचा आणि माणसाला घरी सोडायचे. ती सार्वजनिक मालमत्ता ठरली तर वेगळा, कडक कायदा. मग अटक, कोर्ट, आणि सरकारी वकिलाचे ऐकून घेतल्याशिवाय जामीन नाही. म्हणजे भिंत फोडणारा त्या संध्याकाळी घरी जेवणार की कोठडीत, हे बिल्डरने कोणता नियम निवडला यावर अवलंबून होते. मी सरकारी नोकर. लेटरहेड पाहिले की माझा हात आपोआप तिकडे जातो. अभियंत्यांच्या फिर्यादीवरून सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा दाखल केला.

फोडणाऱ्याची खबर रिक्षा स्टँडवरून मिळाली. हवालदारांनी तिथे एका जुन्या रिक्षावाल्याला रचलेल्या विटांचा मोबाइलवरचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "हा थर पाहिलात ना? आडवी-उभी, आडवी-उभी. आमच्याकडं असं फक्त एकच माणूस लावतो." त्याने गावातल्या एका गवंड्याचे घर दाखवले. हवालदार गेले तेव्हा तो माणूस अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीला बांधलेली दोरी सोडत होता. त्याने खुर्ची खाली ठेवली, आत काहीतरी सांगितले आणि मुकाट्याने गल्लीबाहेर उभ्या गाडीत येऊन बसला. साडेनऊच्या आत माझ्या टेबलासमोर उभा.

पन्नाशीचा, काळासावळा, पंजे रुंद. त्याच्या आजोबांच्या जमिनीवरच आज ते संकुल उभे आहे. चुलत्यांनी गाड्या घेतल्या, याच्या वाट्याला थापीच राहिली.

"भिंत तुम्ही फोडली?"

"व्हय. मीच फोरली."

"एकट्याने?"

"एकट्यानं. पहाटेपासून लागलू. बांधली पन मीच व्हती, तवा मना म्हाईत कं जोड कुठं हाय."

स्वतः बांधलेली भिंत स्वतःच फोडणारा माणूस. मी हवालदारांकडे पाहिले, ते छताकडे पाहत होते. मजुरी बुडाली का? नाही. बिल्डरशी भांडण? नाही. कोणाच्या सांगण्यावरून? कोणाच्याच नाही. मला वाटले, याच्यामागे कोणीतरी आहे आणि हा त्याला पाठीशी घालतो आहे. इतक्या सहज मिळालेल्या कबुलीवर आम्हा पोलिसांचा विश्वास बसत नाही. मी पुन्हा तेच प्रश्न विचारले. तो सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. एकदा म्हणाला, "साहेब, माजे बायकूला अकराला हास्पिटलान न्यायची हाय." मी त्याला बाहेर बाकावर बसवले.

हे लिहिताना मला शरम वाटते, पण लिहितो. ठाण्यात आणलेल्या दर दुसऱ्या माणसाची आई आजारी असते, बायको बाळंत होणार असते, नाहीतर मुलाची परीक्षा असते. तीस वर्षे ऐकून कान किटलेले. कसले हॉस्पिटल, कशासाठी, एवढे विचारायला मला अर्धे मिनिट लागले असते. ते मी विचारले नाही. माझ्या डोक्यात खुलासा पहिला आणि खुलासा दुसरा फिरत होते.

अकरा वाजून गेले. मी पंचनाम्याला निघालो. खरे सांगायचे तर आमच्यातले पुष्कळ पंचनामे चहाच्या टपरीवर होतात. ठरलेले दोन पंच आणि तोच तो मजकूर. त्या दिवशी मात्र कोणती भिंत किती फुटली ते नीट यावे म्हणून मी जागेवर उभा राहून हवालदारांना मजकूर सांगत होतो. "पूर्वेस गृहसंकुलाचा रस्ता. पश्चिमेस गावठाण. आवारास..." आणि इथे अडलो. "हवालदार, गेट कुठल्या बाजूला लिहायचं?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. आम्ही दोघांनी भिंतीला पूर्ण फेरी मारली. नंतर मी एकट्याने उलट्या बाजूने मारली.

"साहेब," हवालदार हळूच म्हणाले, "ह्याला गेटच नाही."

चारी बाजूंनी पक्की भिंत, आणि आत जायला वाट नाही. बाग होती, पण पक्ष्यांसाठी. मी सुपरवायझरला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, भिंत जुन्या नियमात आमच्याकडे होती. गेट आणि आतले रस्ते नव्या नियमात येतात, ते वजावटीचं लेटर मिळाल्यावर." अभियंत्यांना लावला. ते म्हणाले, "भिंत बिल्डरने जुन्या नियमात बांधून दिली, गेट त्यानेच नव्या नियमात करायचं. पण तो नियम अजून लागू झालेला नाही." मी विचारले, मग तुम्ही ताबा घेतला तेव्हा आत गेलात कसे? ते म्हणाले, "ताबा साइट ऑफिसमध्ये घेतला. नेहमीचीच पद्धत आहे." ताबा पावतीवर छापील ओळ होती, 'प्रत्यक्ष जागेची पाहणी करून'. टपरीवरच्या पंचनाम्यांवरही तीच ओळ असते.

ठाण्यात येऊन मी त्या गवंड्याला आत बोलावले आणि या वेळी बसायला सांगितले.

"तुम्ही बांधताना विचारलं नाही, गेट कुठंय म्हणून?"

"इचारला ना. सुपरवायजर बोलला, ता आपले कामान नाय. मी बोललो, आमची गारी यायची वाट तीच हाय. बोलला, अर्ज कर."

त्याने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत तीन अर्जांच्या पोचा, तीन वेगवेगळ्या शिक्क्यांच्या. बिल्डर, महापालिका, सोसायटी. तिघांनीही उत्तर दिले होते, आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले होते. महिनाभर आधी भिंतीला तीन बाजूंनी नाही म्हणणारी माणसे त्या सकाळी भिंत माझी म्हणत माझ्या टेबलासमोर बसली होती.

"आणि हॉस्पिटल कसलं?"

"डायलिसिस. कल्याणला. आठवड्यान तीन येला." तो पुन्हा घड्याळाकडे पाहत म्हणाला, "पयले रिक्षा घराशी येत व्हती. भिंत झाली तवापासून तिला खुर्चीवर बसवून गल्लीतून उचलून आनतो, मी आन् शेजारचा. गल्ली अशी कं खुर्ची वाकरी करावी लागते. परवा ती परली. तवा मी घन काढला."

घड्याळात एक वाजून गेला होता.

अशा गुन्ह्यात लगेच अटक करणे बंधनकारक नाही. हजर राहण्याची नोटीस देऊन सोडता येते, हे मला सकाळी नऊला जितके माहीत होते तितकेच एक वाजता माहीत होते. मी नोटीस लिहिली, त्याची सही घेतली. डायलिसिस केंद्राला स्वतः फोन केला. तिथल्या बाईंनी आधी फैलावर घेतले, "पेशंट आला नाही की आम्ही काय समजायचं हो?" आणि मग चारची वेळ दिली. ठाण्याची जीप काढली. मी पुढे बसलो.

जीप त्याच्या घरापर्यंत जायला एकच वाट होती. संकुलाच्या रस्त्यावरून, पहिल्या भगदाडातून आत, गवतातून, दुसऱ्या भगदाडातून बाहेर. चालकाने आरसे मिटले नाहीत, तरी दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली. ज्याने फोडली त्याने रुग्णवाहिकेचे माप घेऊन फोडली होती. ज्या गुन्ह्याचा मी तपास करत होतो त्याच्यातून मी सरकारी गाडी नेली.

त्याची बायको मागे बसली. चेहरा सुजलेला, श्वास लागलेला, पण डोळे लख्ख. मला म्हणाली, "साहेब, ह्यांना सोरलाव, का फकत मना न्यायला आलाव?"

मी म्हटले, "बघू." खरोखर मला माहीत नव्हते.

पुढचे कागदी युद्ध सांगत बसत नाही. मी तिघांनाही लेखी विचारले: घटनेच्या दिवशी जागा कोणाच्या ताब्यात होती, आणि येण्याजाण्याची जुनी वाट बंद करण्याची परवानगी कोणी दिली? दुसरा प्रश्न वाचताच चित्र पालटले. बिल्डरने कळवले की जागा केव्हाच महापालिकेला दिली. महापालिकेने कळवले की ताबा कागदोपत्री असून प्रत्यक्ष ताबा प्रलंबित आहे. सोसायटीने कळवले की पुस्तिकेतील चित्रे केवळ कल्पनेसाठी आहेत. सकाळी तीन मालक असलेली भिंत महिन्याभरात बेवारस झाली. अभियंत्यांनी मात्र जीपची तक्रार वर केली आणि वरिष्ठांनी माझ्याकडे खुलासा मागितला. आरोपीच्या सोयीसाठी घटनास्थळाचा रस्ता म्हणून वापर का केला? मी एका ओळीत उत्तर दिले: "तो रस्ताच होता." वरिष्ठ समजूतदार होते. पुन्हा विचारले नाही.

तपास पुढे सरकेना. मालकच नाही तर नुकसान कोणाचे? शेवटी मी कोर्टात 'क' समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही तेव्हा 'अ', फिर्याद खोटी असेल तेव्हा 'ब', आणि प्रकरण धड खरेही नाही, खोटेही नाही, गैरसमजातून झालेले, तेव्हा 'क'. याहून चपखल अक्षर मला सापडले नसते. निकाल यायला वर्ष-दीड वर्ष लागले. तोवर त्या भगदाडांना कोणी हात लावला नाही. बुजवायची कोणी, हे ठरवायला आणखी एक खुलासा लागला असता. रिक्षा तिथून येत-जात राहिल्या.

आदेशाची प्रत मिळाल्यावर तो गवंडी ठाण्यात आला. मला वाटले, आभार मानायला. त्याच्या डोक्यावरचे केस नुकते वाढायला लागले होते. मी विचारण्याआधीच म्हणाला, "गेली ती. महिना झाला." मी त्याला बसवले. पाणी दिले. त्याने कागद टेबलावर पसरला.

"साहेब, यो काय लिवलाय? वकील बोलतो, खरा पन नाय आन् खोटा पन नाय."

"म्हणजे तुम्ही सुटलात. पुन्हा कोर्टात यायला नको."

"ता ठीक. पन खरा नाय कसा?" तो आवाज न चढवता बोलत होता. "मी फोरली ना. तिच्यासाठी फोरली. त्या वाटंनी तिला शेवटपत्तर मी बसवून नेली, उचलून नाय. तिला बरा वाटायचा, रिक्षा घराशी आली कं. आता कागदान लिवलाय कं ता झालंच नाय असा. तुमी ता खरा म्हनून लिवा."

मी त्याला समजावले की 'क' म्हणजे झाले नाही असा अर्थ होत नाही. कोर्टाचा आदेश आहे, बदलता येत नाही. खरा म्हणून लिहिला असता तर त्याच्यावर खटला चालला असता. त्याने सगळे ऐकून घेतले, कागदाची घडी केली आणि म्हणाला, "चालला असता तरी चालला असता." मग गेला.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी गडबडतो. कलम कोणते लावायचे हे ठरवत असताना बाकावर बसलेल्या माणसाला आधी एक साधा प्रश्न विचारावा, हे शिकलो. नियम बदलतात तेव्हा जुन्या आणि नव्याच्या फटीत कोणीतरी राहत असतो, हेही कळले. पण त्या माणसाला मी सोडवले की त्याचे काही काढून घेतले, हे मला अजून उमगलेले नाही. आता माझ्यावर कोणाचे लेटरहेड नाही आणि समरीचे अक्षरही निवडायचे नाही. तेव्हा उशिरा का होईना, लिहून ठेवतो. ती भिंत त्याने फोडली. बायकोसाठी फोडली. हे खरे आहे.